दुपारी दोन ते चार

स्टीव्हने नोकरी सोडली ती एका हिरव्या रेघेच्या भरवशावर. परळच्या एका उंच इमारतीतल्या ऑफिसात तो दहा वर्षं एक्सेलचे तक्ते करून साहेबांना देत होता, आणि नव्या पोरांना कायम एकच सांगायचा: नुसती बेरीज बघू नका, फोडून बघा. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र या शहाण्याने नुसती बेरीज बघितली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ऑफिसातून आल्यावर तो लॅपटॉपवर पोकर खेळायचा, रुपया-दोन रुपयांच्या टेबलावर. एवढ्याशा खेळासाठी त्याने महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्याच्या खात्यावरून खेळला गेलेला प्रत्येक डाव ते टिपून ठेवायचं: शंभरातल्या किती डावांत उतरलात, किती वेळा पैज चढवलीत, किती वेळा पत्ते टाकून दिलेत. हे आकडे बघून चुका सुधारायच्या आणि महिन्याअखेरीला एक रेघ बघायची, वर गेली की खाली. रोजची शिल्लक बघणारा माणूस घाबरून वेडंवाकडं खेळतो, असं तो कुठेतरी शिकला होता. म्हणून शिल्लक त्याने झाकूनच ठेवली होती.

नोव्हेंबरपासून रेघ चढत गेली. मध्ये फेब्रुवारी-मार्चात जरा झोपली, पण एप्रिलमध्ये पुन्हा उठली. स्टीव्हला वाटलं, आपला हात बसला. ऑफिसात बाजूच्या टेबलावर बसणारा हितेंद्र त्याला म्हणाला, "अरे, पगार येतोय ना? मग खेळ की साईडला." स्टीव्हने त्याला रेघ दाखवली आणि मे महिन्यात राजीनामा दिला.

माहीमच्या जुन्या घरात तो आणि त्याची आई एडना, दोघंच राहायचे. वडील, गॅब्रिएल, जाऊन तीन वर्षं झाली होती. आईला त्याने सांगितलं की यापुढे घरूनच काम आहे. तिने जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं.

"म्हणजे दिवसभर घरीच?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि कोलंबी सोलायला बसली. पोरगा घरी राहणार म्हणून तिला आनंद होईल, असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहरा तर कुणी काहीतरी काढून घेतल्यासारखा झाला होता.

आणि रेघ पडायला लागली. जूनमध्ये पडली, जुलैमध्ये आणखी पडली. स्टीव्ह आकडे घोटत बसला. कमी डावांत उतरून बघितलं, जास्त चढवून बघितलं, मोठ्या पैशांच्या टेबलांवर रोज दहा-दहा तास खेळून बघितलं. साठवलेल्यातलं निम्मं संपलं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी दुसरं काहीच सुचेना, तेव्हा त्याने पोरांना सांगायचा तेच केलं. बेरीज फोडली, तासातासाप्रमाणे.

संध्याकाळचे आणि रविवारचे त्याचे डाव पहिल्या महिन्यापासून हरत आले होते. सुधारणा म्हणावी तर कणभर नव्हती. सगळी चढण एकाच खणात होती: सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन ते चार. तिथे खेळणारा माणूस शंभरातले जेमतेम बारा डाव खेळायचा, बाकीचे टाकून द्यायचा, पण एकदा उतरला की मागे हटायचा नाही. आणि त्या वेळी स्टीव्ह परळला असायचा.

कुणी चोराने खातं फोडलं, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने तारखा बघितल्या. दुपारचे डाव राखेच्या बुधवारी बंद पडले होते आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, पाळून ईस्टरनंतरच्या सोमवारी पुन्हा सुरू झाले होते. तो घरी बसला त्या दिवसापासून ते कायमचे थांबले होते. लेंट पाळणारा चोर अजून जन्माला यायचाय. स्टीव्हला आधी राग आला, मग इतकी लाज वाटली की बराच वेळ त्याला खुर्चीवरून उठवेना.

आई आत कपड्यांच्या घड्या करत होती.

"ममी, तू माझ्या लॅपटॉपवर खेळायचीस?"

तिचे हात थांबले नाहीत. "डॅडी गेल्यावर दुपार सरत नव्हती रे. तू ते उघडंच ठेवून जायचास. मी आपली पत्ते बघत बसायची. पैशाला हात नाय लावला कधी."

"पण जिंकायचीस कशी?"

"जिंकतंय कोण? चांगलं पान आलं तर खेळायचं, नाय तर टाकायचं. मला कुठे घाई होती?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती पलंगावर बसली. "माझ्या पत्त्यांवर तू नोकरी सोडलीस?" एवढंच तिने विचारलं, दोनदा.

त्याने लॅपटॉप तिच्यापुढे आणून ठेवला. आता तूच खेळ, म्हणाला. ती खेळली. प्रत्येक पानाला त्याच्या तोंडाकडे बघायची, चष्मा काढून पुसायची, फालतू पानांवरही उतरायची. तासाभरात टेबलावर मांडलेलं सगळं गेलं. सॉफ्टवेअरने आकडा दाखवला: शंभरातल्या एक्केचाळीस डावांत उतरली. खुद्द स्टीव्हसुद्धा याहून बरा खेळत होता.

"पोटापाण्याचं बोललास ना, मग पान दिसतच नाय," ती म्हणाली. त्या बुधवारी ती नेहमीसारखी नोव्हेनाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली आणि उशिरा परतली.

स्टीव्हने विचार केला. तिचा हात गेला नव्हता, हाताला भीती चिकटली होती. ती काढायला हवी. रविवारी त्याने तिला सांगितलं की ऑफिसने परत बोलावलंय. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

सोमवारी नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन तो निघाला. लॅपटॉप टेबलावर उघडाच ठेवला. परळच्या एका हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात बाकड्यावर जाऊन बसला. कुणाची वाट बघताय, असं तिथे कुणी विचारत नाही. दोन वाजता मोबाइलवर खातं उघडलं. डाव शून्य. चार वाजता पुन्हा बघितलं, शून्यच. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. इतक्या दिवसांची तुटलेली सवय, लागेल हळूहळू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा टेबल रिकामं होतं. लॅपटॉप फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेला दिसला. एडना चर्चमधून नुकतीच आली होती, चांगली साडी अजून बदललीही नव्हती. गॅब्रिएल गेल्यापासून स्टीव्हने तिला एवढं खुश बघितलं नव्हतं.

"नवस फेडून आली," ती म्हणाली. "मी मावलीला बोलली होती, माझ्या पोराची नोकरी त्याला परत दे, मी मरेपर्यंत पत्त्याला हात नाय लावणार. दोन आठवडे पण नाय घेतले तिने."

स्टीव्ह दारातच उभा राहिला. सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. तिने त्याच्या हातातून डबा घेतला, उघडून बघितला आणि सगळा खाल्ला म्हणून मान डोलावली.

"उद्या डब्याला काय देऊ?"

"भेंडी चालेल," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तो डबा घेऊन निघाला.