कागद किती खोल जातो

मित्रांनो, मी एक जुना स्टँपचा कागद आहे. हेब्बाळच्या तळ्याजवळच्या वीस गुंठे जमिनीचे खरेदीखत. आता घडीवर विरलो आहे, पण एके काळी माझा तोरा विचारू नका.

साठेक वर्षांपूर्वी आप्पाजी नावाच्या लेखनिकाने मला लिहिले. आधी चारी बाजूंच्या हद्दी लिहिल्या आणि मग, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे, झोकात आठ शब्द: निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध, साध्य. म्हणजे पुरलेले धन, पाणी, खडक, आजचे आणि पुढचे उत्पन्न, सगळे मालकाचे! माझी तर छातीच फुगली. किती खोलवर, हे मात्र आप्पाजीने लिहिले नाही. मी समजलो, पाताळापर्यंत.

मालकांचे चिरंजीव विठ्ठलराव दर खंडेनवमीला मला हळदकुंकू लावत आणि ते आठ शब्द मंत्रासारखे म्हणत. पुरलेले धन सापडले तर सरकारला कळवावे लागते आणि सोने निघाले तर सरकारच हक्क सांगते, असे एका वकिलाने त्यांना सांगितले होते. तरीही ते आठातला एकही शब्द गाळत नसत.

१९९५च्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली. विठ्ठलरावांनी बोअरची लॉरी बोलावली. पाण्याची जागा निघाली नेमकी पूर्वेच्या कुंपणालगत. कुंपणापलीकडे कस्तुराबाईंची विहीर होती आणि तिच्यावर त्यांचा अबोलीचा मळा. फुले विकूनच त्यांचे घर चालायचे. बोअर दुसऱ्या कोपऱ्यात घ्या, नाहीतर माझे पाणी जाईल, असे त्या परोपरीने सांगत होत्या. विठ्ठलरावांनी मला पेटीतून आणून जल या शब्दावर बोट ठेवले.

"अक्का, हे माझ्या वडिलांनी घेतलंय."

यंत्र सुरू झाले. मी त्यांच्या हातातच होतो. आधी तांबडी माती उडाली, मग करडी भुकटी. शंभर फूट, दोनशे फूट. तो खडक कधी उजेडात आला नव्हता. त्याची धूळ माझ्या अक्षरांवर बसली. पाषाण हा शब्द इतकी वर्षे अंगावर मिरवला, पण पाषाण मला ठाऊकच नव्हता! तीनशे दहा फुटांवर पाण्याचा फवारा उसळला आणि विठ्ठलरावांनी हात जोडले.

चौथ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई बादली घेऊन आल्या. बादलीत नुसता चिखल होता. त्या भांडल्या नाहीत.

"अण्णा, स्वल्प बघा की तुमच्या कागदात. माझी हद्द खाली कुठवर लिहिलीय?"

विठ्ठलरावांनी मला उलटसुलट करून पाहिले. पूर्वेला कस्तुराबाईंच्या सासऱ्यांचा मळा, एवढेच मी सांगू शकलो. त्या काळोखात पाणी कुणाच्या बाजूने कुणाकडे वाहते, याचे माझ्याजवळ एक अक्षर नव्हते. मला माझीच लाज वाटली.

त्याच दिवशी कुंपणातून पाइप गेला. रोज सकाळी आधी अबोलीला पाणी, मग आमच्या भाज्यांना. संध्याकाळी विठ्ठलरावांनी पेन्सिलीने माझ्या समासात, जल या शब्दासमोर, दोन शब्द लिहिले: 'अक्कांचंही आहे.'

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, पण माझ्यासारख्या कागदाच्या भरवशावर जमिनीखालचे उपसू नका. त्या दोन शब्दांवर शिक्का नाही, कचेरीत त्यांना कुणी विचारणार नाही. पण हल्ली खंडेनवमीला विठ्ठलराव दहा शब्द म्हणतात.