मूठभर कूट

"किती घातलंत, वन्सं?"

"मूठभर. हाताला काय माप असतं?"

"दाण्याचं कूट?"

"मग काय भस्म घालणार? गूळ सैल झाला होता. लाटताना पोळी फुटली असती. तुझं न्हाणं काही संपेना. म्हटलं, आपणच पोळ्या करून टाकाव्यात, सणाच्या दिवशी बाईची अब्रू राखावी."

कुमुदिनी इंगळे केस पुसता पुसता थांबल्या. ओट्यावर निळ्या झाकणाच्या डब्याची जागा रिकामी होती.

"आणि डबा?"

"दिग्विजयसिंह घेऊन गेला. घाईत होता, मीच भरून दिला." शालिनीताईंनी हे अशा थाटात सांगितलं, की आता निदान एक कौतुकाचा शब्द तरी यावा.

खासगी बाजारातल्या त्या घरातून दर संक्रांतीला दोन तऱ्हेच्या गुळपोळ्या बाहेर पडत. एक लष्कर भागातल्या साऱ्या मराठी मंडळींसाठी आणि दुसरी फक्त किल्ल्यापलीकडच्या हजिऱ्यातल्या तन्वी जाधवसाठी. तन्वी आठ वर्षांची. तीळ, डाळीचं पीठ यांना तिच्या शरीराची हरकत नव्हती. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी मात्र घसा सुजायचा आणि श्वास अडायचा. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणत. शालिनीताई, म्हणजे कुमुदिनीबाईंच्या थोरल्या नणंद, फॅशन म्हणत. मराठी माणसाला कूट चालत नसेल तर त्याने जेवावं तरी काय, हा त्यांचा सवाल अगदीच गैरलागू नव्हता. उसळीत कूट, खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट. दक्षिणेतून मराठ्यांचे घोडे इकडे उत्तरेत आले, भाले आले, त्यांच्या मागच्या बैलगाडीत कुटाचे डबेच असावेत.

दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला तन्वीने काकडीची कोशिंबीर पुढ्यात धरून विचारलं होतं, यात काय आहे? "थोडंसंच कूट आहे गं, खा," असं सांगणाऱ्या कुमुदिनीबाईच होत्या. दहा मिनिटांनी ओठ निळे पडलेल्या त्या पोरीला मांडीवर घेऊन रिक्षात बसलेल्याही त्याच. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात औषधं बांधून दिली. एकाही पुडीवर चुकीचं नाव पडलं नाही, आणि निवृत्तीनंतर वाटीभर कोशिंबिरीत चुकल्या. त्यांनी कुणापाशी हळहळ केली नाही. नवा तवा आणला, नवं पोळपाट-लाटणं आणलं, निळ्या झाकणाचा डबा आणला. डब्यात दर वेळी चिठ्ठी: गूळ, तीळ, डाळीचं पीठ, खसखस, कणीक, तूप. खाली सही. आईच्या हातचं सोडलं, तर तन्वी जगात एवढंच खायची.

तन्वीच्या वडिलांचा, दिग्विजयसिंहाचा, फोन कुणी उचलेना; तो स्कूटरच्या डिकीत वाजत असावा. त्याच्या बायकोचा, नीलमचा, बंद होता. 'डबा उघडू नका' या संदेशापुढे एकच खूण उमटली आणि तिला जोडीदार काही मिळेना. कुमुदिनीबाईंनी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळला, वरून शाल घेतली.

"मीही येते," शालिनीताई म्हणाल्या. "माझ्या हातचं आहे."

"वाटेत बोलायचं नाही, वन्सं."

"मी कुठं बोलते?"

त्या महाराज बाड्याच्या चौकापर्यंत बोलल्या. बाड्यावर रिक्षा अडकली. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, मध्ये पतंग विकणारा.

"भैया, जरा जल्दी."

"माताजी, आगे जाम है. उड़ा दूँ क्या?"

"उडव," कुमुदिनीबाई मराठीत म्हणाल्या. त्याने आरशातून त्यांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने रिक्षा बोळात घातली.

"आमच्या वेळी नव्हतं गं असलं काही," शालिनीताईंनी शाल कानावर ओढली. "सगळी पोरं सगळं खायची."

"होतं, वन्सं. आमच्या दवाखान्यात आणायचे. तेव्हा त्याला 'अचानक गेलं' म्हणायचे."

यानंतर किल्ल्याचा पायथा मागे पडेपर्यंत शालिनीताई गप्प राहिल्या. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत लांब मौनव्रताचा प्रसंग असावा. हजिरा जवळ आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "कुमुद, असं करू. तूप खवट होतं म्हणून सांगू आणि डबा परत घेऊ. खरं सांगितलंस तर ती माणसं पुन्हा तुझ्याकडचं घेणार नाहीत."

"नाही घेणार."

"मग?"

"मग नाही घेणार."

जाधवांच्या दारात उन्हाची एक पट्टी पडली होती. त्या पट्टीत, पायरीवर, माकडटोपी घालून तन्वी बसली होती. मांडीवर डबा होता आणि झाकण उघडं होतं.

रिक्षा थांबायच्या आत कुमुदिनीबाई उतरल्या. एका पायातली चप्पल आतच राहिली.

"खाल्लीस?"

"नहीं ना, आजी." तन्वी वैतागलेली दिसली. "चिठ्ठीच नाहीये. पप्पा बोलले, इंगळे आजींचंय, खा ले. मी बोलले, सही कुठंय? मग ते ऑफिसला गेले."

"पोळीला हात लावलास?"

"फक्त झाकणाला. बिना चिठ्ठी के नहीं छूना. तुम्हीच बोलला होतात."

कुमुदिनीबाईंनी डबा उचलला, झाकण लावलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. टॉवेल सुटून केस पाठीवर आले.

नीलम गच्चीवरून धावत आली. रात्रीपासून वीज नव्हती, फोन निपचित पडला होता. बाईंचं ध्यान पाहूनच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं, काकू?"

"यात दाण्याचं कूट आहे. माझ्या स्वयंपाकघरात पडलं."

"पडलं नाही," मागून शालिनीताई म्हणाल्या. एका हातात भावजयीची चप्पल होती. "मी घातलं. मूठभर."

नीलमने आधी पोरीचा चेहरा, मग ओठ, मग जीभ पाहिली. दाराआड खिळ्याला तातडीच्या इंजेक्शनची पिशवी टांगलेली होती, तिच्याकडे एकदा नजर टाकली. मग ती पिशवी काढून तिने स्वतःच्या खांद्याला लावली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काकू, पुढच्या वर्षी राहू द्या."

"बरोबर आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी तन्वीला नळावर नेलं, साबणाने तिचे हात धुतले, आपले धुतले. पिशवीत डबा, त्या पिशवीवर दुसरी पिशवी, आणि गाठ.

"मग मेरी पोळी?" तन्वीने विचारलं.

कुमुदिनीबाई नीलमला म्हणाल्या, "मी इथं येऊन करीन. तुझा तवा, तुझं पीठ, तुझ्या डोळ्यांसमोर. तू बोलावलंस तर. नाही बोलावलंस तरी चिठ्ठीचा नियम सोडू नकोस."

"बघू, काकू," नीलम म्हणाली. त्यात होकार नव्हता.

निघताना शालिनीताई पोरीच्या गालावरून हात फिरवायला वाकल्या. हात पुढे आला, आणि मध्येच थांबला. त्या वळल्या, नळाशी गेल्या, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. पाणी बर्फासारखं होतं.

"साबण लगाके, बड़ी आजी," तन्वीने मागून हुकूम सोडला. "आणि वीसपर्यंत मोजायचं."

शालिनीताईंनी साबण घेतला. एक, दोन, तीन... बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. वीस झाले. लाल पडलेले ते हात त्यांनी उन्हात धरून उलटसुलट पाहिले, पुन्हा नळाखाली नेले आणि म्हणाल्या, "एक."