पदर पसरून मागितलेली पूर्वी

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ खाली ठेवा. आज निरूपण नाही. आमच्या खारवीवाड्यातल्या गोदाची गोष्ट सांगतो. देवाशपथ, पदरचं एक अक्षर घालणार नाही.

गोदाला मूलबाळ नव्हतं. बाया मासळीच्या लिलावाला बंदरावर गेल्या की वाडीतली तान्ही तिच्या पडवीत असायची. रिवाज जुना होता: मांडीवरचं मूल कुणी परस्पर उचलायचं नाही. आईनंसुद्धा पदर पसरून म्हणायचं, "दे गो माझ्या ओटीत." मगच गोदा मूल पदरात ठेवी.

दर्शना वाडीतली सून, पण पाली गावाकडची, शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी तान्हं आईलाच चिकटलेलं. इथे ती कोळंबी सोलायच्या शेडवर निघाली तरी तिची तान्ही लेक पूर्वी रडत नसे, परतली तरी झेपावत नसे. ज्या मांडीवर ठेवाल तिथे हसे.

"हिला आई कोण तां तरी कळतंय का?" दर्शना करवादायची.

"किसनदेवाला दोन आया होत्या," गोदा हसायची. "तुझ्या लेकीला वाडीभर हायत. रडतंस कशाला?"

एका दुपारी दर्शना परतली तेव्हा गोदा खांबाला टेकून बसलेली. पूर्वी तिच्या मांडीवर टक्क जागी.

"आजी, आले मी."

दर्शनाने खांद्याला हात लावला. खांदा गार पडला होता. ती किंचाळली, मूल ओढून घेतलं आणि घरी पळाली.

तेव्हापासून पूर्वी रडेना, दूध ओढेना. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दुपार झाली की ती गोदाच्या बंद घराकडे तोंड करून हुंकार द्यायची. मध्येच थांबायची, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. मग पुन्हा हुंकार. आईच्या हाकेला मान वळवायची नाही. तिला झोळीत घातलं की झोळी जड लागायची, आत आणखी कुणी बसल्यासारखी.

तुळसा, दर्शनाची सासू, एकदा हळूच म्हणाली, "मागून घेतलंस काय गो?"

दर्शनाने नकाराची मान हलवली.

"म्हंजे पोर अजून तिच्याच मांडीवर हाय."

"आई, मेलेल्या माणसाकडे काय मागायचं?"

"मेली ती तुला नि मला. पोरीला कुणी सांगितलंय?"

उन्हं कलताना दर्शना पूर्वीला घेऊन गोदाच्या पडवीत गेली. खांबाजवळ ऊन कधीच पोचत नसे, तरी तिथली भुई कोमट लागली. तिने पूर्वीला तिथे ठेवलं, चार पावलं मागे सरली आणि गुडघ्यांवर बसून पदर पसरला.

"आजी... चुकलं माझं. घाबरले मी. द्या माझ्या ओटीत."

माडांची सळसळ थांबली. पूर्वीने वर पाहिलं, कुणाच्या तोंडाकडे पाहावं तसं. आणि अजून रांगायला न शिकलेलं ते पोर भुईवरून सरकलं, मागून कुणी अलगद पुढे लोटावं तसं. पदरात आलं आणि त्याने हंबरडा फोडला. दर्शनाही रडली. मग पूर्वी घटाघटा दूध पिऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दर्शना शेडवर निघाली तर पूर्वीने पहिल्यांदाच तिची साडी मुठीत धरून आकांत केला. दर्शना उंबऱ्यात घुटमळली. मग एकेक बोट सोडवत तिने लेकीला तुळसाच्या मांडीवर दिलं आणि मागे न बघता चालू लागली.

तर माझ्या माणसांनो, संध्याकाळी दिवा लावून आपापल्या आईचं नाव घ्याल, तेव्हा जिला कुणी आई म्हटलं नाही त्या गोदाचंही घ्या.