हौदाचा वास

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. अशा दिवसांत गावात पोहण्याचा तलाव भरलेला ठेवायचा म्हणजे उपाशी माणसासमोर बसून लाडू खाण्यातलाच प्रकार. पण त्यात उतरणारी मंडळी वजनदार होती, पोटानंही आणि पदानंही. म्हणून तो चालू होता.

तरी उन्हाळा लागताच नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून फर्मान आलं. तलावाच्या वाया जाणाऱ्या पाण्यावर तीस झाडं जगवून दाखवा. मेअखेरीस प्रौढांची पोहण्याची शर्यत असते, त्या दिवशी साहेब स्वतः मोजतील. एक जरी कमी भरलं तरी तलावाला कुलूप. आणि कुलूप लागलं की तलाव राखणाऱ्या हनीफची चाकरी गेली. पन्नाशीच्या हनीफला पाण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. तरुणपणी त्यानं विहिरींचा गाळ उपसला, मग निम्म्या लातूरला पोहायला शिकवलं.

तलाव चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस डाळमिलवाले व्यंकटराव झपाटल्यासारखे कामाला लागले. फवारे बंद झाले, अंग धुवायला प्रत्येकी एक तांब्या मिळू लागला. शर्यतीला हारांऐवजी रोपं द्यायची ठरली. तलावाची गाळणी धुतली की ते पाणी गटारात जायचं, ते मागच्या हौदात वळवलं. हनीफ बादल्या भरभरून ते नव्यानं लावलेल्या तीस कडुलिंबांना घालू लागला. आठ दिवसांत पानं कडेनं करपली.

"पावडर बाधायलीय, रावसाब," तो म्हणाला.

"मग बंद कर की ती ब्लीचिंग!" व्यंकटराव हसले. "आमी लहानपणी विहिरीत पोहलो, तिथं कोण पावडर टाकत होतं? तुरटी फिरव, पाणी नितळ ऱ्हाईल."

विहिरीला झरे असतात, तलावाला नसतात. इथं चाळीस जणांचा घाम तोच तो फिरतो. हे हनीफच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला करपलेली पानं दिसली, दाराला लागलेलं कुलूप दिसलं, आणि तो गप्प बसला. याला भित्रेपणाच म्हणायचं, दुसरं काही नाही.

महिन्याभरात झाडं तरारली. हनीफ रोज मोजायचा, तीसच्या तीस.

हौदामागच्या वस्तीत धुरपताबाई राहायची, रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिची लेक तारामती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला आठवा सरत आला होता. वस्तीतल्या बाया एरवी त्या हौदाकडे फिरकत नसत. पावडरीचा वास डोळ्यांत जायचा. 'दवाचं पाणी हाय ते' म्हणून सगळ्या लांब राहत. हौदावर पाटी लावायचं त्यामुळे कुणाला सुचलंच नव्हतं.

एका दुपारी धुरपताबाई घागर घेऊन हौदापाशी आली.

"हनीफभाऊ, आता याला वास न्हाई. चांगलं झालंय का पाणी?"

हनीफ बादली भरत राहिला.

"दोन रोज झाले, टँकर न्हाई. ताराला रांगेत उभं ऱ्हावत न्हाई."

नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि ते व्यंकटरावांच्या कानावर जाणार. "ने, अक्का," तो म्हणाला. "पण उकळून घे." आणि ती वाकली तसा घाईनं पुढं म्हणाला, "दोनच घागरी हां. झाडांला पुराया पायजे."

उकळायचं म्हणजे सरपण आलं. स्वयंपाकापुरत्या काटक्या कशाबशा गोळा करणारी बाई पाणी कशावर उकळणार? हनीफला हे कळत नव्हतं असं नाही.

चौथ्या दिवशी ताराला उलट्या-जुलाब सुरू झाले. वस्तीतले आणखी नऊ जणही तेच पाणी पिऊन आजारी पडले होते. मोठ्या दवाखान्यात खाट नव्हती, तिला जमिनीवर निजवून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मूल पोटातच राहिलं.

हनीफ धावत व्यंकटरावांकडे गेला. ते खरोखरच हळहळले. "वाईट झालं," म्हणाले. "पण शर्यतीला चार दिवस राहिलेत. त्यानंतर टाक पावडर." हनीफनं हौदाभोवती बोराटीच्या काट्या रचल्या आणि चार दिवस काढले.

शर्यतीच्या दिवशी साहेबांनी झाडं मोजली. तीस भरली. टाळ्या झाल्या, आणि ती हनीफनं जगवली म्हणून त्याच्या हातात एक रोप ठेवलं गेलं.

मंडप रिकामा होताच त्यानं रोप खाली ठेवलं, काट्या बाजूला केल्या आणि पावडरीचं अख्खं पोतं हौदात उलटं केलं. वास असा उसळला की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून पाहतो तर पलीकडं धुरपताबाई उभी. हातात तीच घागर, रिकामी. लेकीचे दिवस घातले नव्हते, तोवरच ती पुन्हा पाण्याच्या शोधात निघाली होती.

तिनं वास घेतला आणि दोन पावलं मागं सरली. मग तिची नजर कडुलिंबांच्या रांगेवर गेली.

"आता झाडं जळतील की, हनीफभाऊ," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर हनीफला सोसला असता.