साखर नको

लोविना थेअर आमच्या घरी आठवडाभर राहायला आली. आमच्या गावात शाळेच्या बाईंना वेगळे घर नसते; एक आठवडा एका विद्यार्थ्याकडे, पुढचा दुसऱ्याकडे. आदल्या दिवशी शाळासमितीचे आणि चर्चचे कारभारी डीकन पील कुंपणाशी थांबले होते.

"वहिनी, नजर ठेवा. ही गुलामगिरी मोडायला निघालेल्यांतली असावी. चोरून काळ्या मुलींना शिकवते म्हणे. कळलं की शाळेला कुलूप लावतो."

"आमच्या लूसीनं मग कुठं शिकायचं?"

"चूल आहे की घरात."

मी नजर ठेवली. मग तिच्या साधेपणालाही मला अस्तर दिसू लागले. जुलैतही अंगावर लोकर. सकाळी तासभर आधी निघायची, तीही अर्धी मक्याची भाकरी रुमालात बांधून.

"साखर घ्या ना चहात, बाई. इतकीही वाईट नाही आमची."

"नको."

"दात दुखतो?"

"दात सोडून बाकीचं," ती हसली.

गुरुवारी मी मागोमाग गेले. लाकूडगिरणीमागच्या छपराखाली धोबिणीची काळी मुलगी डॉर्कस बसली होती. एका हातात माझी भाकरी, दुसऱ्या हाताचे बोट ओळीवर. ती वाचत होती, लूसीपेक्षा स्वच्छ. पाऊल न वाजवता मी परतले आणि ठरवले, बोलायचे नाही.

शनिवारी डीकन चहाला आले. "काय दिसलं?"

निरुपद्रवी उत्तर मी घोकून ठेवले होते. "काय दिसायचंय? नखरे नुसते. साखर नको, सुती कापड नको."

त्यांनी कप खाली ठेवला, अगदी हळू.

"ऊसही गुलामांच्या हातचा, कापूसही. हे दोन्ही सोडायची शपथ असते गुलामगिरी मोडणाऱ्यांची. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

सोमवारी शाळेला कुलूप होते. बाईंनी पेटी उचलली. दाराशी माझ्याकडे पाहिले.

"मला ठाऊक नव्हतं हो," मी म्हणाले.

खरेच नव्हते? माझी थोरली मावशी मेपलच्या झाडाच्या रसाच्या पाकाखेरीज गोड काही खात नसे. तिने कारण सांगितले होते का, हे मला आठवत नाही. आठवत नाही म्हणणाऱ्या माझ्यातल्या त्या बाईवर आता माझी नजर आहे.