पाठकोरे कागद

"ताई, एकशे बारा पानानंतर पुन्हा एक नंबर कसा काय आला हो?"

प्रबंधाचा गठ्ठा छातीशी धरून मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या. उद्या तो विद्यापीठात द्यायचा होता आणि त्यांचा चेहरा लग्नघरात हार हरवल्यासारखा झाला होता.

"घरी जाऊन तुम्ही काहीतरी केलंत," ताई स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली.

"छे! फक्त नवीन प्रकरण नवीन पानावर घेतलं."

"म्हणजे सेक्शन ब्रेक टाकलात. कॉम्प्युटरला वाटतं, इथून दुसरंच पुस्तक सुरू झालं. तो पुन्हा एकपासून मोजायला लागतो."

"मग आता?"

"आता त्याला सांगायचं, बाबा रे, मागचं विसरू नकोस. बसा, होईल दहा मिनिटांत."

मॅडमना बसवेना. शेजारी बाइंडरकडे कव्हरचा रंग ठरवून येते, म्हणून त्या निघून गेल्या. ताईने माऊस हातात घेतला. डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक, दोन ओळींत दुप्पट अंतर. हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. डावीकडचा जास्तीचा अर्धा इंच बाइंडर खातो. एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालून चारशेच्या वर प्रबंध गेले, तेवढेच लोक डॉक्टर झाले आणि पेढे देऊन गेले. ताई बारावीच राहिली. दुकान खाली, घर वर. मध्ये सतरा पायऱ्या. तिचा दिवस त्या पायऱ्यांवर चढउतार करण्यात जायचा, कारण वर आई अंथरुणाला खिळलेली होती आणि काही हवं असलं की काठीने जमीन ठोकायची.

दुकान धाकट्या भावाचं. बाजारात त्याला शेठ म्हणत, ताई मात्र अजून छोट्याच म्हणायची, जरी छोट्याचं पोट आता टेबलाच्या कडेला टेकत होतं. त्याने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि नको तितका वेळ तिथेच उभा राहिला.

"काल दुपारी तू आईला भरवायला वर गेली होतीस ना, तेव्हा एक फोन आला होता," तो म्हणाला. "ते पुस्तकं काढणारे. पानांच्या मांडणीसाठी बाई हवी होती म्हणे त्यांना. परगावी. राहायची सोय करणार होते."

ताईचा हात माऊसवर थांबला. तिचा मोबाइल कामाच्या वेळी ड्रॉवरमध्ये मुका पडलेला असे. पण त्या नोकरीसाठी केलेल्या अर्जात नंबर तर तिने स्वतःचाच घातला होता.

"दुकानावर कसा आला फोन?"

"कागदाच्या खाली आपला नंबर होता म्हणाले."

मग तिच्या लक्षात आलं. महिन्यापूर्वी कागदाची रिमं आणायला छोट्या गेला होता, तेवढ्या पाऊण तासात तिने अर्ज केला. सवयीप्रमाणे दुकानाची नेहमीची फाइल उघडली, आतलं खोडलं आणि आपलं टाइप केलं. त्या फाइलच्या फूटरमध्ये, पानाच्या अगदी तळाशी, आठच्या टाइपात दुकानाचं नाव आणि नंबर असे. फुकटची जाहिरात म्हणून छोट्यानेच तो घालायला लावला होता. लोकांच्या प्रबंधांतून ती तो आठवणीने काढायची, वर गिऱ्हाइकाला दाखवायचीसुद्धा. स्वतःच्या एका पानावरचा मात्र तिला दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ताईंचा विचार बदललाय." कपाच्या कानाशी छोट्या चाळा करत होता. "आईला कोण उचलणार, सांग? आणि दुकान मी चालवणार? मला धड पान मधोमध बसवता येत नाही. तू आहेस म्हणून सगळं आहे, ताई. हे मी कुणालाही सांगतो." मग जरा थांबून म्हणाला, "चूक नाही ना झाली?"

"झाली."

छोट्या गोरामोरा झाला.

"माझी झाली," ताई म्हणाली. "फूटर काढायचा राहिला."

तो सुटल्यासारखा हसला आणि कप तिथेच ठेवून पुढे गेला. ताईला राग आला होता, आणि त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त. तो वाईट असता तर भांडता आलं असतं. तिने ड्रॉवरमधून मोबाइल काढला, आईची गोळी राहिली असं सांगून जिना चढली आणि आठव्या पायरीवर बसून फोन लावला.

"अहो, काल तुमच्याकडूनच नाही म्हणाले ना?" पलीकडची मुलगी म्हणाली. "पुढच्या बाईंना बोलावलं. त्या आज सकाळी रुजूही झाल्या. तुमचा अर्ज साहेबांनी सगळ्यांना दाखवला होता हं, पान असं असावं म्हणून."

वरून काठी ठोकल्याचा आवाज आला. ताईने आईला गोळी दिली, कूस बदलून दिली, पाठीखालची चादर सारखी केली आणि खाली आली.

मॅडमच्या पानांचे नंबर तिने सलग केले आणि मग आपला अर्ज उघडला. फूटर काढला. पान पुन्हा छापून ट्यूबलाइटखाली धरलं आणि लोकांचं तपासते तसं वरपासून खालपर्यंत तपासलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. खाली इंचभर पांढरा कागद स्वच्छ राहिला होता. क्षणभर ते पान घडी करून पर्समध्ये ठेवावं असं तिला वाटलं. मग तिने ते पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर पालथं ठेवलं. एका बाजूने छापलेले कागद दुकानात फेकत नसत, कच्च्या प्रती त्यांच्या पाठीवर काढत.

मॅडम धापा टाकत आल्या. "झालं?"

"एक पान काढून दाखवते."

ताईने गठ्ठ्यावरचा वरचा कागद उचलून प्रिंटरमध्ये सरकवला. प्रिंटर घुरघुरला आणि पान बाहेर आलं. मॅडमनी ते हातात घेऊन खालच्या कोपऱ्यात पाहिलं. एकशे तेरा.

"सुटले बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून."

पान उलटून पाहायचं त्यांना काही कारण नव्हतं. बोलता बोलता त्यांनी त्याची चौघडी केली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. ताईने नव्या रिमचं कागदी वेष्टण फाडलं, कोऱ्या कागदांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि प्रबंध पहिल्या पानापासून छापायला लावला.