धाकट्याच्या सुट्टीचा विमा

भाच्याच्या सुट्टीची सगळी तयारी माझ्या ताईनं केली आणि विम्याचं तेवढं माझ्या गळ्यात पडलं. विमा हा माझा धंदा. कुणी गाडी ठोकली, कुणाचं सामान विमानतळावर हरवलं, की नातेवाइकांना मामा आठवतो. एरवी मामा जिवंत आहे का, याची चौकशी कुणी करत नाही.

ताईच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पाण्यात घालायचे बूट, सगळं नवंकोरं. वल्हं दोन खुर्च्यांवर आडवं टाकलेलं. हे सगळं धाकट्यासाठी. थोरल्याचं सामान परत आलंच नव्हतं. धाकटा आता जिथं निघाला होता, त्याच नदीच्या खवळत्या पाण्यात, एका अरुंद घळीत, गेल्या वर्षी थोरल्याची कयाक, ती एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी, उलटली. कयाक खाली बऱ्याच अंतरावर सापडली, तो सापडला नाही. काही दिवसांनी शोध थांबवला. कागदोपत्री तो अजून बेपत्ता आहे, आणि त्या एका शब्दानं माझ्या बहिणीला ना रडू दिलं ना उठू दिलं.

"पुढच्या महिन्यात वरच्या धरणाचं पाणी कमी सोडतात," ताई म्हणाली. "घळीतले खडक उघडे पडतात. पायी तिथं उतरता येत नाही, कयाकनंच जावं लागतं. याला येते चालवता. दादानंच शिकवली होती."

"ताई, अर्जात मला सुट्टी म्हणून लिहावं लागेल. शोधायला चाललाय असं लिहिलं तर कंपनी दारात उभं करणार नाही."

"मग लिही की सुट्टी. पोरं जातात सुट्टीला."

धाकटा आमच्याकडे पाठ करून बेसिनपाशी उभा होता. मघापासून एकच कप धूत होता.

"एक सांग," ताई म्हणाली. "समजा यालाही काही झालं, तर किती दिवस शोधतात?"

नव्या फ्रिजची वॉरंटी विचारावी तशा आवाजात तिनं हे विचारलं. तिथली माणसं शोध थांबवतील तोवरचा खर्च विमा कंपनी देते, पुढचा नाही, असं मी सांगितलं. याहून चांगली पॉलिसी नाही का, असं तिनं विचारलं. मला संताप आला. एक मुलगा धडधाकट चार हातांच्या अंतरावर उभा होता आणि ही बाई तो सापडेल की नाही याची घासाघीस करत होती. पण तिच्यावर ओरडायची माझी हिंमत नाही. गेल्या वर्षभरात कुणाचीच झाली नाही.

नदीवर नेणारी कंपनी आधी तलावात सराव करून घेते. धाकट्यानं मला सोबत बोलावलं. कयाकमध्ये बसल्यावर कमरेभोवती रबरी पडदा ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. कयाक उलटली की पडद्याची पुढची पट्टी ओढायची आणि बाहेर निसटायचं. एवढंच काम, शाळकरी पोरंही करतात. प्रशिक्षकानं कयाक उलटवली. धाकटा खाली गेला आणि खालीच राहिला. प्रशिक्षकानं त्याला ओढून वर काढलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा त्यानं कशीबशी पट्टी ओढली, आणि प्रशिक्षकाला तेवढं पुरलं.

कपडे बदलायच्या खोलीत तो टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसला.

"पट्टी समोर दिसते, मामा. पण हातच हलत नाहीत."

"मग आईला सांग."

"काय सांगू? दादा तिथं पडलाय आणि मला भीती वाटते, असं?"

तेव्हा मी ठरवलं की हा बेत मोडायचा. पॉलिसीशिवाय नदीवर नेणारी ती कंपनी कुणाला पाण्यात उतरवत नाही. म्हणजे पॉलिसीच नाही झाली, तर कुणाला वाईटपणा न येता सगळं आपोआप मिटतं. या शहाणपणावर मी इतका खूश झालो की घरी जाताना गाडीत शीळ घातली.

दुसऱ्याच दिवशी ताईकडे जाऊन सांगितलं, "अर्ज नाकारला. एकाच घरातला दुसरा माणूस, तीच नदी. माझ्या हातात काही नाही."

धाकट्याच्या तोंडून सुस्कारा निघाला. लहानसाच, पण खोलीत ऐकू गेला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मग उठून ती जॅकेटची घडी घालायला लागली.

"तुला जायचंच नव्हतं," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

धाकटा पांढराफटक पडला. "तसं नाही, आई. मी जातो. दादाच्या ओळखीचा एक जण आहे, तो पॉलिसी वगैरे विचारत नाही. तो आणि मी, दोघंच जाऊ."

"आणि बचाव पथक?" मी विचारलं.

"त्याच्याकडे नसतं."

ताईनं जॅकेटची घडी मोडली. कागद अडवला की माणूस थांबतो, हे मी धंद्यात शिकलो होतो. आईच्या नजरेतून उतरण्यापेक्षा हा पोरगा बुडणं पत्करेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. अर्ज भरलाच नव्हता."

"तू त्याला घाबरवलंस," ताई म्हणाली.

"तो आधीच घाबरलाय, ताई. तलावात त्याचे हात हलत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलंय."

धाकटा मान खाली घालून उभा. तो एक शब्द बोलला असता तर मी अख्ख्या घराशी भांडलो असतो. ताई त्याच्याजवळ गेली आणि जॅकेट त्याच्या अंगात चढवून बंद एकेक करून आवळायला लागली.

"हलतील," ती म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला. निदान पथक बरोबर असेल, या विचारानं अर्ज भरत गेलो. प्रवासाचं कारण, सुट्टी. वारस, आई. ताई माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"या मोठ्या कंपनीबरोबरच जा हं," तिनं धाकट्याला सांगितलं. "त्यांच्याकडे शोधायला माणसं जास्त असतात."

त्यानं मान डोलावली. मी अर्ज पाठवून दिला.